दुसरी वही

(सापगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्याविषयी बोलायला मी उभा आहे, त्यांच्यातलं कुणीच या मंडपात नाही. पौष चालू आहे. म्हशाच्या जत्रेची बोलणी सुरू झाली आहेत. या दिवसांत कातकरवाडीत गेलात तर दोरीने बांधलेली कुडाची दारं दिसतात, आणि अंगणात एखादी म्हातारी, तिच्या स्वाधीन केलेल्या शेंबड्या नातवासह. मी येताना एका वाडीवरून आलो. आजीला विचारलं, सगळी कुठे गेली? तिने मान भिवंडीच्या दिशेला वळवली. उत्तर तेवढंच.

आयोजकांनी मला विषय दिला तो ‘स्थलांतरित मजुरांचं जीवनमान आणि समाजाचं सहकार्य’. विषय भारदस्त आहे आणि त्यावर कुणीही तासभर बोलू शकतं. म्हणूनच मी तो लहान करून घेतो. दोनशे पानी वहीएवढा.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, ते गुरुजी माझ्या आधीच्या पिढीतले. मीही याच भागात मास्तरकी केली. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या हजेरीपटावर भोकं पडायची. मी लाल शाईने त्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ असं लिहायचो आणि हात झटकायचो. शब्द कसा स्वच्छ, सरकारी. पोरगं कुणाबरोबर गेलं, किती पैशांवर गेलं, तिथे झोपतं कुठे, यातलं काहीही त्या शब्दाला चिकटत नाही. गुरुजी मात्र सुट्टी लागण्याआधी वाडीवर जायचे आणि एका साध्या वहीत लिहून घ्यायचे : कारभाऱ्याचं नाव, बायकोचं नाव, कुणाची वीटभट्टी, कुठलं गाव, उचल किती घेतली, कुणासमोर घेतली, सोबत पोरं किती. मला तेव्हा हा रिकामा उद्योग वाटायचा. ते काय करत होते, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. ही कबुली द्यायलाच मी आलो आहे असं समजा.

भट्टीचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटं सोसावं. मुलांना माहीत नसेल. भातलावणी संपली की आपल्या भागात मजुरी संपते. श्रावणाच्या उत्तरार्धापासून हळवं भात हाताशी येईपर्यंतचे दिवस भूमिहीन माणसासाठी सगळ्यांत वाईट. कणगीत काही नाही, रानातल्या कंदांवर आणि ओहोळातल्या खेकड्यांवर दिवस काढायचे. त्यातच कुणी तापाने पडतं, कुणाचं लग्न ठरतं. अशा वेळी मुकादम वाडीवर येतो. त्याच्या खिशात रोख असते. ती घेतली की झाली उचल, कुठे तिला बयाणा म्हणतात. दिवाळी झाली की नवरा-बायको पोरं, कोंबड्या आणि टोप घेऊन टेम्पोत बसतात. भिवंडी, कल्याण, वसई, जिथे मुकादम नेईल तिथे. मध्यरात्री उठून गारा करायचा, साच्यातून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या, उलटायच्या, वाहायच्या. मजुरी हजार विटांमागे. दर आठवड्याला मीठ-मिरचीपुरती खर्ची मिळते, बाकी हिशोब शेवटी.

आणि हिशोबाची वही एकच असते, भट्टीवाल्या शेठकडे. उचलीचा आकडा तीत, खर्ची तीत, पोराच्या औषधाला दिलेले पैसे तीत, पाडलेल्या विटाही तीत. अवकाळी पाऊस येऊन ओल्या विटांचा पुन्हा चिखल झाला, तर त्या मजुराच्या नावावर धरायच्या की नाही, हेही तीच वही ठरवते. त्या वहीत बाईचं नाव सहसा नसतं. ‘जोडी’ असते. पहाटेपासून ती राबली तरी हिशोबात ती नवऱ्याच्या नावात विरघळलेली असते. वैशाखात शेठ पान उलटतो आणि सांगतो, फिटली, किंवा एवढे अंगावर राहिले. अंगावर! आपण घरी म्हणतो, डोक्यावर कर्ज आहे. भट्टीवर ते अंगावर असतं, आणि पुढच्या दिवाळीला अंगच द्यावं लागतं.

हे आजचं नाही. याच ठाणे जिल्ह्यात एकेकाळी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस आयुष्यभर सावकाराकडे राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरीला वारली जमले, आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. स्वातंत्र्य आलं. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठबिगाराचं कर्ज रद्द ठरतं आणि वसुली करणारा गुन्हेगार ठरतो. तरीही १९८२ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वसईत श्रमजीवी संघटना काढावी लागली, ती वेठबिगारांना सोडवण्यासाठीच. महामार्गाने तासा-दीड तासावर मुंबई, आणि इथे माणसं बांधलेली.

कातकऱ्यांच्या वाट्याला हे विशेष आलं, त्याला कारण आहे. खैराचा कात काढणारे ते कातकरी. १८७८ चा जंगल कायदा झाला आणि खैरावरचा त्यांचा हात सरकारने काढून घेतला. कात गेला, मग कोळसा पाडायला गेले, तेही कुणाच्या तरी उचलीवर, मग विटा. सरकारदरबारी त्यांची नोंद आदिम जमातीत आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ते सुमारे २ लाख ८५ हजार होते. नावातला धंदा गेल्याला आता जवळपास दीडशे वर्षं होतील, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर जमीन किती झाली, हे तुम्ही तुमच्या गावच्या सातबाऱ्यांवरून सांगा.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. भट्टीवाला शेठ परक्या मुलखातला असता तर हे व्याख्यान सोपं झालं असतं. पण तो आपल्यातलाच आहे. कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही. कित्येकांनी उन्हाळ्यापुरती शेतं भट्टीला दिली आहेत. त्यांच्याशी मी बोललो आहे. ते म्हणतात, मास्तर, उचल घेऊन पळून जाणारेही असतात, दोन शेठांकडून उचल घेणारेही असतात. खरं आहे. अवकाळीने पूर्ण खेप विरघळली की त्यांचंही दिवाळं निघतं, हेही खरं. पण बुडालेला शेठ पुढच्या वर्षी दुसरा धंदा बघतो. बुडालेल्या जोडीला तीच भट्टी बघावी लागते. तेव्हा सहकार्य म्हणताना शेठांना वगळून चालणार नाही, आणि त्यांच्याच वहीवर सोडूनही चालणार नाही.

मला जे उमगलं ते साधं आहे. माणूस भट्टीवर बांधला जातो तो विटा पाडताना नाही. तो बांधला जातो भाद्रपदात, स्वतःच्या घरात, चुलीसमोर. शेठ कामाच्या आधी पैसे देतो. बाकी सगळे कामानंतर देतात, आणि सरकार तर कामानंतर पुष्कळ दिवसांनी. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात तिने माणसं जगवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २००५ मध्ये तिच्या धर्तीवर देशाचा कायदा झाला. पण भर पावसात मातीकाम निघत नाही, आणि निघालं तरी पगार खात्यावर पडेपर्यंत मुकादम वाडीवर येऊन गेलेला असतो. खावटी कर्जाचं तेच. तिचा हेतूच मुळी या उपासाच्या महिन्यांसाठी. २०२० मध्ये तिचं अनुदान झालं, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यावर आणि निम्म्याचं धान्य-किराणा. चांगलीच गोष्ट. पण भूक महिना बघून लागते आणि योजना मंजुरी बघून येते.

ते महिने किती वाईट असतात याचा पुरावा २०२२ च्या सप्टेंबरात सगळ्या महाराष्ट्राने वाचला. कसाऱ्याचा घाट चढलं की इगतपुरी तालुका. तिथली कातकऱ्यांची लहान मुलं थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर मेंढ्या राखायला दिलेली होती. त्यातली एक मुलगी मरण पावली तेव्हा ते उघडकीला आलं. आईबापांना लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली असती, जर लाल शाईने इतकी वर्षं ‘स्थलांतरित’ लिहिलं नसतं तर.

मग गावाने भाद्रपदात काय करायचं? याचं उत्तर आपल्याच मुलखात आहे. सिद्धगडच्या पायथ्याला आपण २ जानेवारीला जातो. १९४३ मध्ये त्या दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. आपल्याला भाई कोतवाल आठवतात ते विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे. त्याआधी माथेरानच्या या वकिलाने पायथ्याच्या गावांत शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या होत्या, आणि धान्याच्या पेढ्या काढल्या होत्या, म्हणजे नडलेल्याला सावकाराच्या दारात न जाता धान्य मिळावं म्हणून कोठारं. मनोरे स्मारकात आले, कोठारं राहून गेली. मला कुणी विचारलं तर दोन्हींत कोठाराचं काम जास्त कठीण. मनोरा एकदा पाडायचा असतो. कोठार दरवर्षी भरायचं असतं.

तुम्ही भात पिकवता. समजा वाडीत चाळीस घरं आहेत आणि प्रत्येक घराला रेशनच्या धान्यावर त्या दोन महिन्यांत एक क्विंटल भात जास्तीचं लागतं. चाळीस क्विंटल. एका शेतकऱ्याने देणं अशक्य, पन्नास जणांनी मिळून देणं अशक्य नाही. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. अशा क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा कायद्याखालच्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो उपजीविकेसाठीही वापरता येतो. तो पैसा आजवर प्रवेशद्वाराच्या कमानींत आणि पेव्हर ब्लॉकमध्ये किती गेला, याचा हिशोब मी आज मागत नाही. आज जत्रेचे दिवस आहेत.

फक्त एक पथ्य. कोठारातल्या धान्याची परतफेड मजुरीत घ्यायची नाही. धान्य द्या, सवडीने धान्य किंवा पैसे घ्या, लिहून घ्या. ‘त्याबदली माझी लावणी करून दे’ असं एकदा म्हटलंत की भिवंडीचा शेठ गेला आणि सापगावचा आला, इतकाच फरक पडेल.

हे झालं धान्याचं. रोखीसाठी रानातून पैसा मिळतो का? मिळतो, हे शहापुरातच दिसलं आहे. इथल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वनधन केंद्रातून तो माल पुढे गेला, आणि करोनाच्या काळात मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटीहून जास्त रुपयांची मागणी आली. सगळे कौतुक करतात ते कोटीचं. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. केंद्राच्या हातात खेळतं भांडवल आलं, म्हणून रानातून वेल आणणाऱ्या बाईला त्याच दिवशी रोख देता आली. मुकादमाचं सगळं बळ त्या ‘त्याच दिवशी’मध्ये आहे. ते दुसऱ्या कुणाकडे गेलं की मुकादमाची फेरी निम्मी रिकामी जाते.

तरीही माणसं जातील. जाण्यात वाईट काहीच नाही. तुमचे मुलगेही आसनगावहून रोज लोकलने जातात, त्यांना कुणी स्थलांतरित म्हणत नाही. भातसेचं पाणीसुद्धा मुंबईला जातं, मुंबई रोज पिते त्यातलं जवळपास निम्मं, आणि त्याची मोजदाद लिटरगणिक होते. मी फक्त एवढंच म्हणतो की, पाण्याची होते तशी गावातून जाणाऱ्या माणसांचीही नोंद व्हावी.

ती कधी करायची? आपल्याकडे ग्रामसभेच्या चार ठरलेल्या तारखा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला वाडी रिकामी असते. १ मेला निम्मी भट्टीवर आणि निम्मी वाटेत असते. म्हणजे वर्षाच्या दोन सभा या लोकांना वगळूनच होतात, आणि घरकुलांच्या यादीपासून वनहक्काच्या दाव्यापर्यंत काहीही त्यांत उरकलं जातं. (मतदानाच्या दिवशी मात्र जीप भट्टीवर बरोबर पोचते. रस्ता माहीत नाही असं नाही.) उरल्या दोन. १५ ऑगस्टची सभा कोठाराची. २ ऑक्टोबरची सभा वहीची. कोण कुठे चाललं, उचल किती, दर हजारी काय ठरला, विरघळलेल्या विटांचं काय ठरलं, बाईचं नाव काय, हे सगळ्यांसमोर लिहायचं. मुकादमाला बोलवायचं. शेठ आला तर त्याला खुर्ची द्यायची. त्याचीही सही घ्यायची. चोख हिशोबाच्या शेठला यात भिण्यासारखं काही नाही, उलट त्याला मजूर आधी मिळतील.

हे मी हवेतलं बोलत नाही. राजस्थानात उदयपूरच्या आजीविका ब्युरोने २००५ पासून हे काम केलं आहे. बाहेर कामाला जाणाऱ्याला ओळखपत्र, त्यावर साक्षीला सरपंचाची सही, एक केंद्र गावाकडे आणि एक अहमदाबादसारख्या शहरात, मजुरी थकली तर दोन्हीकडून पाठपुरावा. आपल्याकडेही ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. वीटभट्टीच्या मजुरांची पाळी अजून यायची आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. आमचा माणूस शहापूरहून भिवंडीला जातो. जिल्हाही ओलांडत नाही आणि तरी सहा महिने कुणाला सापडत नाही.

शाळेबद्दल मास्तराने न बोलून कसं चालेल. भट्टीवर मजुरांनी राहायला उभारलेल्या खोपटाला भोंगा म्हणतात. ठेंगणं, वाकून आत शिरावं लागणारं. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्यांना नाव दिलं भोंगाशाळा. मला हे नाव फार आवडतं. शाळा पोरांच्या घरी गेली आणि घराचंच नाव घेऊन बसली. पुढे साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली, शिक्षण हमी कार्ड आलं. कागदावर पोरगं कुठल्याही शाळेत जाऊन बसू शकतं. प्रत्यक्षात भट्टीजवळच्या शाळेतला मास्तर त्याला अर्ध्या वर्षाचा पाहुणा समजतो आणि इथला मास्तर गेलेला समजतो. दोघांनी एकमेकांना एक फोन केला तर त्या पोराचं वर्ष वाचतं. गुरुजी पोस्टकार्ड लिहायचे. भट्टीच्या गावच्या अनोळखी हेडमास्तरांना, उत्तर येवो न येवो. हंगामी वसतिगृहाचं मी अनुभवाने सांगतो : इमारत दुय्यम. वाडीतली जी आजी मागे राहते, तिला दोन वेळचा शिधा आणि रात्री पोरांजवळ झोपायला एखाद्या माणसाची सोबत मिळाली, तर आईबाप पोरं मागे ठेवून जातात. रेशन दुकानाच्या मशीनवर तिच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही, हेही कुणीतरी दुकानदाराशी बोलून निस्तरायला हवं. हे काम शेजाऱ्याचं आहे.

आणि जे इथे येतात त्यांचं काय? २०२० च्या टाळेबंदीत आपल्या महामार्गावरून माणसांची रांग चालत कसाऱ्याकडे जात होती. तुम्ही पाणी दिलंत, खिचडी दिलीत, चपला दिल्यात. मे महिन्यात एसटीने त्यांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडेस्तोवर कित्येक गावांनी चुली बंद केल्या नाहीत. ते आठवलं की मला या मुलखाचा अभिमान वाटतो. मग ३१ जुलै २०२३ ची रात्र आली. सरलांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चाललं होतं. गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि २० कामगार गेले. बहुतेक परप्रांतातले. ते महिनोन्‌महिने आपल्या शेजारी राहत होते, आपल्या दुकानांतून तांदूळ-बटाटे नेत होते. त्यांतलं एक नाव तरी आपल्यापैकी कुणाला आधी ठाऊक होतं? मला नव्हतं. आज त्या रस्त्यावरून गाड्या इगतपुरीकडे सुसाट जातात. चालत जाणाऱ्याला आपण खिचडी दिली, कारण तो दिसत होता. आपल्या हद्दीत राहून राबणारा दिसला नाही. वहीत एक पान त्यांचंही असावं, येणाऱ्यांचं : नाव, मूळ गाव, घरचा एक फोन नंबर. ग्रामपंचायतीला याला खर्च येत नाही.

गुरुजींच्या वहीने किती कर्जं फिटली, असं मला कुणीतरी विचारलं होतं. मला सांगता येणार नाही. एक आठवण आहे. एका वैशाखात वाडीतला एक गडी भट्टीवरून हिशोब न करताच परतला. शेठ म्हणाला होता, अजून एवढे अंगावर आहेत. गड्याने सांगितलं, आमच्या गुरुजींच्या वहीत बघून येतो. शेठ हसला म्हणे. पण दुसऱ्या आठवड्यात त्याने मुकादमाबरोबर आकडा बदलून पाठवला. वही कुणी उघडलीही नव्हती. तिच्यात त्या गड्याचं पान होतं की नाही, हेही मला माहीत नाही. शेठलाही माहीत नव्हतं.

शिमग्याला वाडी भरते. दोन-तीन दिवसच, पण भट्टीवरून सगळे येतात, होळी चुकवत नाहीत. २ ऑक्टोबर अजून लांब आहे, तेव्हा सुरुवात होळीला करू. मी वह्या आणल्या आहेत, इथे टेबलावर ठेवतो. अक्षर माझं आता थरथरतं, आणि वाडीचा चढही झेपत नाही. लिहायला दोन जण लागतील. त्यातली एक मुलगी असेल तर बरं, बायका आपलं नाव पुरुषाला सांगताना अजून लाजतात. ओट्यावरच्या मुलांनो, कोण येतंय ते सभा संपल्यावर मला येऊन सांगा. मी शेवटच्या एसटीपर्यंत इथेच आहे.